दोन प्रयोगशाळांचा एक आकडा

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढल्यावर आज मुंबईत, नाशकात किंवा नागपुरात जो पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हाती येतो, त्यातल्या चार-पाच ओळींवर पुढचे बरेचसे उपचार ठरतात. गाठीचा ग्रेड, इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, हर-टू आणि बहुतेक ठिकाणी केआय-६७. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगशाळांच्या रिपोर्टमध्ये आणखी काही ओळी असत. पेशींमधल्या डीएनएचे प्रमाण, डीएनएची नक्कल करण्यात गुंतलेल्या पेशींची टक्केवारी म्हणजे एस-फेज, क्वचित कॅथेप्सिन-डी नावाच्या प्रथिनाची पातळी. लेझर आणि संगणक लावून काढलेली ही मापे उद्याची मापे म्हणून मिरवली जात होती. आज ती रिपोर्टमधून जवळजवळ नाहीशी झाली आहेत. उलट १९२८ साली लंडनमध्ये साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, डोळ्यांनी पाहून केलेली गाठींची प्रतवारी अजून रिपोर्टच्या वरच्या ओळींत ठाण मांडून आहे. हा योगायोग नव्हे. गाठीवरून रुग्णाचे भवितव्य सांगणाऱ्या मापांच्या शंभर वर्षांच्या इतिहासात कोणते माप टिकले आणि कोणते गेले हे यंत्र किती बारकाईने पाहते यावर ठरलेले नाही. दोन साध्या प्रश्नांवर ते ठरले आहे. तीच गाठ दुसऱ्या प्रयोगशाळेत दिली तर तोच आकडा येतो का? आणि आलेल्या आकड्याने उपचार बदलतो का? या दोन्ही प्रश्नांना ज्या मापाने होकार दिला ते टिकले. बाकीची मापे शास्त्रीयदृष्ट्या खोटी नसूनही मागे पडली.

मुळात असे माप हवे कशाला, हे एका जुन्या वॉर्डाच्या दप्तरातून कळते. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये १७९२ साली कर्करोगाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. बरे होण्याची आशा नसलेल्यांनाही तिथे अखेरपर्यंत राहता येई. त्यामुळे कोणतेही उपचार न झालेल्या स्त्रिया किती काळ जगल्या याच्या नोंदी तिथे पिढ्यानपिढ्या साठत गेल्या. १९६२ साली एच. जे. जी. ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८०५ ते १९३३ या काळातल्या अशा २५० स्त्रियांच्या नोंदी एकत्र मांडल्या. लक्षण दिसू लागल्यापासून २.७ वर्षांत त्यांतल्या निम्म्या दगावल्या होत्या, पण १८ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात होत्या. आजाराचे नाव एकच, उपचार कोणालाच नाही, आणि तरी एकीला जेमतेम वर्ष मिळते तर दुसरी सहा-सात वर्षे काढते. गाठ किती उशिरा लक्षात आली एवढ्यानेच हा फरक पुरता उलगडत नव्हता. गाठींचा स्वभावच वेगवेगळा असला पाहिजे, आणि तो असेल तर पेशींत कुठेतरी दिसलाही पाहिजे.

तो पाहण्याचा पहिला नेटका प्रयत्न बॉस्टनच्या आर. बी. ग्रीनो यांनी १९२५ साली ७३ गाठींवर केला. तीन वर्षांनी मिडलसेक्समध्येच सर्जन डी. एच. पेटी आणि पॅथॉलॉजिस्ट आर. डब्ल्यू. स्कार्फ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपली पद्धत मांडली. पाहायच्या गोष्टी मोजक्याच होत्या. निरोगी स्तनातल्या पेशी नळ्यांच्या आकारात रचलेल्या असतात, ती रचना गाठीत किती शिल्लक आहे? पेशींची केंद्रके एकसारखी आहेत की लहानमोठी, वेडीवाकडी? गडद रंगलेली आणि विभाजन पावणारी केंद्रके किती? पुढे ब्लूम आणि डब्ल्यू. डब्ल्यू. रिचर्डसन यांनी यातल्या प्रत्येक लक्षणाला एक ते तीन गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची रीत पाडली आणि १९५७ साली १,४०९ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांतल्या ३५९ जणींची माहिती पंधरा वर्षांपर्यंत मिळवलेली होती. पहिल्या ग्रेडच्या ७५ टक्के, दुसऱ्याच्या ५३ टक्के आणि तिसऱ्याच्या ३१ टक्के स्त्रिया पाच वर्षे जगल्या. डोळा, काचेची स्लाइड आणि रंगाच्या दोन बाटल्या एवढ्याच सामग्रीतून निघालेले हे अंतर पुढच्या कित्येक महागड्या यंत्रांना हेवा वाटावा असे होते.

तरीही पुढची दोन-तीन दशके ग्रेडला सर्जनांच्या लेखी फारसे मोल नव्हते. नेहमी दिले जाणारे कारण असे, की ही प्रतवारी बघणाऱ्याच्या मर्जीवर चालते. एका पॅथॉलॉजिस्टचा दुसरा ग्रेड दुसऱ्याला तिसरा वाटतो. ते खरेही होते. पण खोलवरचे कारण वेगळे होते. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळवलेली शस्त्रक्रिया, म्हणजे संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसीकाग्रंथी काढून टाकणे, विसाव्या शतकाचा निम्म्याहून अधिक काळ जवळजवळ प्रत्येकीवर होत असे. ग्रेड पहिला असो वा तिसरा, सुरी तीच आणि तेवढीच चालणार असेल, तर ग्रेड कळून करायचे काय? भवितव्य सांगणारा आणि निर्णय न बदलणारा आकडा फायलीत पडून राहतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि मिलानमध्ये जियानी बोनाडोना यांच्या चाचण्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपीला पाय दिले. ‘ही कोणाला द्यायची आणि कोणाला नाही’ हा प्रश्न तेव्हा प्रथमच खऱ्या अर्थाने उभा राहिला.

याच सुमारास दुसऱ्या एका मापाने उलटी वाट चालून दाखवली. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ सालीच दाखवून दिले होते की अंडाशये काढल्यावर काही स्त्रियांच्या स्तनातल्या गाठी वितळतात. काहींच्याच, बाकीच्यांना पोट उघडल्याचा त्रास तेवढा पदरी पडे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अधिवृक्क ग्रंथी, अगदी मेंदूतळाची पीयूषिका ग्रंथीसुद्धा, याच आशेने काढली जाऊ लागली. एवढी जबर शस्त्रक्रिया आणि उपयोग मात्र तिघींपैकी एकीला. कोणत्या एकीला, हे आधी सांगता आले असते तर बाकीच्या दोघी वाचल्या असत्या. शिकागोत एलवुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्रोजेन मादी उंदरांना टोचून पाहिले. ते गर्भाशयात अडकून राहते, स्नायूंतून मात्र निघून जाते, असे त्यांना आढळले. म्हणजे काही ऊतींत हे संप्रेरक धरून ठेवणारे काहीतरी होते. तोच इस्ट्रोजेन रिसेप्टर. गाठीत तो असेल तर संप्रेरक तोडण्याचा उपचार लागू पडेल, नसेल तर बहुधा पडणार नाही, हा तर्क त्यांनी रुग्णांच्या गाठींवर तपासला. १९७४ साली अमेरिकेत बेथेस्डा इथे निरनिराळ्या गटांनी आपापले आकडे एकत्र ठेवले, तेव्हा चित्र स्वच्छ झाले. रिसेप्टर असलेल्या गाठींपैकी निम्म्याहून थोड्या अधिक संप्रेरक-उपचाराला प्रतिसाद देत होत्या आणि नसलेल्यांपैकी दहा टक्केही नाही. तीन वर्षांनी, १९७७ च्या अखेरीस, अमेरिकेत टॅमॉक्सिफेनला परवानगी मिळाली आणि शस्त्रक्रियेची जागा गोळीने घेतली. आकड्याच्या मागोमाग औषध आले. प्रयोगशाळेतल्या मापाला यापेक्षा मोठे भाग्य नाही.

पण हे माप हाती यायचे कसे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. गाठ काढली की तिचा तुकडा ताबडतोब बर्फावर आणि तिथून द्रव नायट्रोजनमध्ये जायला हवा, कारण रिसेप्टर हे उष्णतेने भराभर बिघडणारे प्रथिन आहे. गोठलेला तुकडा गोठलेलाच कुटून त्याची पूड करायची, थंड द्रावणात घोटायची, प्रचंड वेगाच्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचे निवळ घ्यायचे. त्यात वेगवेगळ्या प्रमाणात किरणोत्सारी इस्ट्रोजेन मिसळायचे, रिसेप्टरला न चिकटलेले जादा इस्ट्रोजेन कोळशाच्या बारीक भुकटीने शोषून काढायचे आणि उरलेला किरणोत्सार मोजायचा. उत्तर यायचे ते प्रत्येक मिलिग्रॅम प्रथिनामागे किती फेम्टोमोल असे. फेम्टोमोल म्हणजे मोलचा एक हजार-अब्जांशाचाही हजारावा भाग. एवढ्या नाजूक साखळीत कुठेही दहा मिनिटांची दिरंगाई झाली तर पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह दिसणार. तरी हे माप टिकले, कारण ते जन्मतःच शिस्तीत वाढले. युरोपातल्या कर्करोग-संशोधकांच्या गटाने १९७३ सालीच मोजण्याची प्रमाण पद्धत छापून काढली होती आणि तपासणीचे समान नमुने प्रयोगशाळांना पाठवून त्यांचे आकडे ताडून पाहण्याचा प्रघात लवकरच पडला. पुढे रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडे तयार झाली, मेणाच्या ठोकळ्यातून कापलेल्या पातळ चकतीवर रंग उमटवून रिसेप्टर डोळ्यांनी दिसू लागला आणि कोळशाची पद्धत मागे पडली. पद्धत बदलली, तरी मापाची जागा सुटली नाही.

आता हरलेल्या मापाची कथा. काखेतल्या लसीकाग्रंथींत कर्करोग पोहोचलेला नसेल तर अशा स्त्रियांपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या शस्त्रक्रियेने बऱ्या होतात; उरलेल्या तीस टक्क्यांत तो परततो. मे १९८८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने डॉक्टरांना खास सूचना धाडली, की अशा रुग्णांनाही पूरक औषधोपचाराचा फायदा होऊ शकतो. मग शंभर जणींना केमोथेरपी द्यायची की धोक्यातल्या तीस जणींना हुडकून काढायचे? पुढच्या काही वर्षांत नव्या मापांचा जो पूर आला तो या एका प्रश्नातून. त्यात आघाडीवर होती फ्लो सायटोमेट्री. डीएनएला चिकटणारा चमकदार रंग लावून पेशींची केंद्रके एकामागून एक लेझरसमोरून सोडायची आणि प्रत्येकाची चमक मोजायची. शांत बसलेल्या पेशींचा एक सुळका दिसतो, विभाजनाच्या उंबरठ्यावरच्या पेशींचा दुप्पट डीएनएवर दुसरा, आणि दोहोंच्या मधल्या पठारावर डीएनएची नक्कल करणाऱ्या, म्हणजे एस-फेजमधल्या पेशी. हे पठार जितके उंच तितकी गाठ वेगाने वाढणारी. १९८३ साली डेव्हिड हेडली आणि सहकाऱ्यांनी मेणाच्या जुन्या ठोकळ्यांतूनही केंद्रके सुटी करून मोजण्याची रीत दाखवली आणि कपाटांत वर्षानुवर्षे पडून असलेल्या हजारो गाठी एका झटक्यात अभ्यासाला खुल्या झाल्या. रुग्णाचे पुढे काय झाले हे आधीच ठाऊक होते. आता मोजायचे तेवढे बाकी होते. टेक्सासच्या सॅन अँटोनियो इथल्या विल्यम मॅग्वायर आणि गॅरी क्लार्क यांच्या गटाने १९८९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये दाखवले, की काखेतल्या ग्रंथी साफ असलेल्या रुग्णांमध्येही हे माप आजार परतण्याचा धोका वेगळा काढते.

यात खोट कुठे होती? जीवशास्त्रात नव्हती. वेगाने विभाजणारी गाठ लवकर परतते हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. खोट होती ती मेणाच्या चकतीत. चकती कापताना सुरी असंख्य केंद्रकांना मधोमध छेदते. त्यांचे तुकडे कमी-अधिक चमक देत नेमके त्याच पठारावर येऊन पडतात, जिथे एस-फेजच्या पेशी मोजायच्या असतात. हा कचरा किती वजा करायचा हे संगणकातला हिशेब ठरवी आणि हिशेबाचे प्रकार अनेक होते. कोणी ताजी गाठ घेई, कोणी गोठलेली, कोणी मेणातली. गाठीत मिसळलेल्या निरोगी पेशींचे काय करायचे यावर एकमत नव्हते. परिणामी ‘जास्त’ म्हणजे किती टक्क्यांच्या पुढे, हे प्रत्येक प्रयोगशाळेचे आपापले होते. मेट्रिक मापे येण्यापूर्वी गावोगावचा शेर वेगळा असे, तसे एस-फेजचे झाले. ज्याच्या त्याच्या गावात ते वजन खरे, वेशीबाहेर निरुपयोगी. १९९२ साली तज्ज्ञांनी एकत्र बसून सहमतीचे नियम केले, पण उशीर झाला होता. अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर प्रत्येक गाठीवर तपासावेत असे म्हटले. डीएनएचे प्रमाण आणि एस-फेज यांच्याविषयी मात्र, नेहमीच्या वापरासाठी पुरावा अपुरा आहे, असा निर्वाळा दिला. कॅथेप्सिन-डीची गतही तीच झाली. १९९० साली सॅन अँटोनियोच्या ज्या गटाने त्याचा गाजावाजा केला, त्याच गटाने १९९४ साली, नव्या रुग्णसमूहात तो संबंध पुन्हा आढळत नाही, असे प्रामाणिकपणे छापले.

त्याच वर्षांत इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये जे घडले ते या गोष्टीचे दुसरे टोक आहे. क्रिस्टोफर एल्स्टन आणि इयन एलिस यांनी नवे यंत्र आणले नाही. त्यांनी ब्लूम-रिचर्डसनची जुनी प्रतवारी घेतली आणि तिच्यातली मोघम वाक्ये काढून आकडे घातले. नळ्यांची रचना गाठीच्या पाऊण भागाहून जास्त असेल तर एक गुण, दहा टक्क्यांहून कमी असेल तर तीन. विभाजन पावणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाच्या दहा क्षेत्रांत मोजायच्या. इथे त्यांनी एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट हेरली. प्रत्येक सूक्ष्मदर्शकाचे दृष्टिक्षेत्र सारखे नसते. ०.५९ मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रात जेवढी जागा दिसते, तिच्या जवळजवळ निम्मीच ०.४४ मिलिमीटरच्या क्षेत्रात दिसते. म्हणजे एकाच गाठीत एका पॅथॉलॉजिस्टला बारा विभाजने सापडतील आणि दुसऱ्याला सात, आणि दोघेही बरोबर असतील. म्हणून त्यांनी व्यासानुसार कोष्टक दिले. मोठ्या क्षेत्रात तीन गुणांसाठी वीस विभाजने हवीत, लहान क्षेत्रात अकरा पुरेत. १९९१ साली १,८३१ रुग्णांवर आधारलेला त्यांचा लेख आला आणि साठ वर्षे मर्जीचा मामला म्हणून हिणवली गेलेली प्रतवारी जगभर रिपोर्टमध्ये जाऊन बसली. गाठीचा आकार, ग्रंथींची अवस्था आणि हा ग्रेड यांच्या साध्या बेरजेवर नॉटिंगहॅमचा भवितव्य-निर्देशांक १९८२ पासूनच उभा होता. एस-फेज आणि विभाजनांची मोजणी ही खरे तर एकाच गोष्टीची, पेशी किती जोमाने वाढतात याची, दोन मापे. त्यांतले सूक्ष्म ते हरले आणि ढोबळ ते जिंकले, कारण ढोबळ मापाला कोणीतरी समान कोष्टक दिले.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे, की गेल्या वीस वर्षांत जनुकीय चाचण्यांनी हे सगळे जुने करून टाकले. अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २००२ साली सत्तर जनुकांची सही मांडली. २००४ साली एकवीस जनुकांची ऑन्कोटाइप चाचणी ६६८ रुग्णांच्या जपून ठेवलेल्या ठोकळ्यांवर तपासून प्रसिद्ध झाली. शून्य ते शंभर असा गुणांक देऊन ती दहा वर्षांत आजार दूरवर पसरण्याचा धोका सांगते. कमी गुणांच्या गटात तो ६.८ टक्के निघाला, जास्त गुणांच्या गटात ३०.५ टक्के. २०१८ साली दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या टेलर-एक्स चाचणीने दाखवले, की मधल्या गुणांच्या बहुसंख्य स्त्रियांना केमोथेरपीने काही जादा लाभ होत नाही; पन्नाशीच्या आतल्या काहींचा काय तो अपवाद. असंख्य स्त्रियांची केमोथेरपी यामुळे टळली, हे निर्विवाद. पण या चाचण्या कशामुळे जिंकल्या? एकवीसपैकी पाच जनुके पेशींच्या विभाजनाशी निगडित आहेत आणि गुणांकात सर्वांत जड वजन त्यांनाच आहे. त्यांत केआय-६७ चे जनुकही आले. म्हणजे आत मोजले जाते ते बरेचसे पेटी आणि स्कार्फ यांनी भिंगातून पाहिले तेच, जोडीला रिसेप्टर आणि हर-टू. २०११ साली ब्रुसेल्सच्या एका गटाने तर एक खट्याळ प्रयोग केला. स्तनाच्या कर्करोगाशी काडीचाही संबंध नसलेले जनुकांचे संच, जेवणानंतरच्या हसण्याचा जनुकांवरील परिणाम दाखवणारा संचसुद्धा, त्यांनी रुग्णांच्या आकड्यांवर लावून पाहिले आणि तेही भवितव्य ‘सांगू’ लागले. कारण विभाजनाच्या वेगाची छाया गाठीतल्या असंख्य जनुकांवर पडलेली असते. त्याच वर्षी लंडनच्या संशोधकांनी दाखवले, की इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, हर-टू आणि केआय-६७ ही चार नेहमीची मापे एका चांगल्या प्रयोगशाळेत नीट केली तर ती जवळजवळ ऑन्कोटाइपइतकीच माहिती देतात. ‘एका चांगल्या प्रयोगशाळेत’ या शब्दांतच सगळे आले. ऑन्कोटाइपचे नमुने जगभरातून कॅलिफोर्नियातल्या एकाच प्रयोगशाळेत जात. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळण्याचा प्रश्न तिने सोडवला नाही; दुसरी प्रयोगशाळाच ठेवली नाही. आणि मग तो आकडा निर्णय बदलतो हे हजारो स्त्रियांच्या चाचणीने सिद्ध केले. टिकण्याच्या दोन्ही अटी तिने पुऱ्या केल्या, जनुके हे निमित्त.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. प्रमाणीकरण, नियम, कोष्टके ही कारकुनी कामे. त्यांना विज्ञानाच्या वर बसवणे म्हणजे शोधकवृत्तीचा अपमान नव्हे का? या प्रश्नाचे उत्तर कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांताने फार मोठी किंमत देऊन दिले. १९९७ ते २००५ या काळात तिथल्या प्रयोगशाळेने केलेल्या संप्रेरक-रिसेप्टर तपासण्या पुन्हा बाहेर पाठवल्या, तेव्हा साडेतीनशेहून अधिक स्त्रियांचे निकाल चुकीचे निघाले. बहुतेक चुका एकाच दिशेच्या होत्या, गाठ पॉझिटिव्ह असून निगेटिव्ह सांगितलेली. त्यांतल्या कित्येकींना साधी टॅमॉक्सिफेनची गोळी मिळाली नाही आणि निकाल दुरुस्त होईपर्यंत अनेकजणी हयात नव्हत्या. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने २००९ साली अहवाल दिला, तेव्हा दोष कोणत्याही शोधाचा नव्हता. ऊती नीट न मुरवणे, रंगाच्या पद्धतीवर देखरेख नसणे, तुलनेचे नमुने न ठेवणे अशा ‘कारकुनी’ गोष्टींचा होता. हर-टूचेही तसेच. डेनिस स्लेमन यांनी १९८७ साली १८९ गाठींच्या अभ्यासातून या जनुकाची वाढ आणि वाईट भवितव्य यांचा संबंध दाखवला, १९९८ साली त्यावरचे औषध ट्रास्टुझुमॅब आले. मात्र औषधाच्या एका मोठ्या चाचणीत गावोगावच्या प्रयोगशाळांनी पॉझिटिव्ह म्हणून पाठवलेल्या गाठी मध्यवर्ती प्रयोगशाळेत तपासल्या, तर सुमारे १८ टक्क्यांना दुजोरा मिळाला नाही. हृदयाला त्रास देऊ शकणारे महागडे औषध ज्या आकड्यावर सुरू होते, तो आकडा पाचांत जवळजवळ एकदा डळमळीत. इथे नियमपुस्तिका हाच उपचाराचा भाग ठरतो.

महाराष्ट्रातला पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून २००० साली ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह गाठी जेमतेम एकतृतीयांश होत्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या घरात सांगितले जाई. भारतीय स्त्रियांचा आजारच निराळा, असा निष्कर्ष त्यातून सहज निघे. त्यात थोडे तथ्य आहेच, कारण इथे हा रोग तरुण वयात आणि वरच्या ग्रेडचा जास्त आढळतो. पण पुढच्या दशकात त्याच संस्थेतून आलेल्या आकड्यांत हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. एवढ्या वर्षांत स्त्रियांची जनुके बदलत नाहीत; बदलते ती फॉर्मॅलिनची बरणी. स्तन अख्खा, न कापता बरणीत टाकला तर फॉर्मॅलिन आतल्या गाठीपर्यंत पोहोचायला खूप वेळ लागतो आणि तोवर आतली प्रथिने बिघडू लागतात. शनिवारी काढलेली गाठ सोमवारपर्यंत तशीच राहिली तर रंग उमटत नाही आणि रिपोर्टवर निगेटिव्ह येते. म्हणूनच २०१० च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनी मोजमापाची सुरुवात थेट शस्त्रक्रियागृहात नेली. गाठ तासाभरात कापून फॉर्मॅलिनमध्ये घाला, सहा ते बहात्तर तास मुरू द्या, आणि एक टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह म्हणा. एका अख्ख्या लोकसंख्येच्या रोगाविषयीचे मत बरणीच्या वेळापत्रकावर हेलकावे खाऊ शकते, एवढे लक्षात घेतले म्हणजे नियमांना कारकुनी म्हणवत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या मांडणीतल्या खऱ्या फटीवर बोट ठेवतो. केआय-६७ चे माप प्रयोगशाळांमध्ये जुळत नाही हे सर्वश्रुत आहे, तरी ते रिपोर्टमध्ये टिकून आहे, ते कसे? १९८३ साली जर्मनीतल्या कील इथे योहानेस गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी शोधलेले हे प्रतिपिंड विभाजनाच्या चक्रात असलेल्या सगळ्या पेशींना रंगवते. २०१३ साली आठ नामवंत प्रयोगशाळांना त्याच शंभर गाठी दिल्या, तेव्हा त्यांच्या सरासरी आकड्यांत सुमारे तिपटीचे अंतर पडले. एक पॅथॉलॉजिस्ट सर्वांत गडद रंगलेला कोपरा मोजतो, दुसरा सगळ्या चकतीची सरासरी काढतो. फिका रंग धरायचा की सोडायचा यावरही मतभेद. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अॅबेमासिक्लिब हे औषध केआय-६७ वीस टक्के किंवा अधिक असेल तरच, अशी अट घालून मंजूर केले आणि मार्च २०२३ मध्ये ती अट काढून टाकली, कारण आकडा कमी असलेल्यांनाही औषधाचा लाभ होताना दिसला. ज्याने निर्णय बदलायचा, तो आकडा निर्णयातून दूर झाला. तज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय गट आता एवढेच म्हणतो, की पाच टक्के व त्याखालचा आणि तीस टक्के व त्यावरचा आकडा विश्वासाने वापरावा. मधल्या पट्ट्यात त्यावर भार टाकू नये. म्हणजे माझा नियम थोडा सैल करावा लागतो. माप दोन्ही टोकांना जुळत असेल तर ते टोकांपुरते उपयोगी असते. पण हा सैलपणा नियमाला बळच देतो, कारण केआय-६७ जिथे टिकले ते जिथे प्रयोगशाळा सहमत होतात तिथेच.

यातला कोणताही आकडा एका स्त्रीचे भविष्य सांगत नाही, हेही नोंदवायला हवे. ब्लूम-रिचर्डसनच्या तिसऱ्या ग्रेडमधल्या ३१ टक्के स्त्रिया पाच वर्षे जगल्याच होत्या आणि पहिल्या ग्रेडमधल्या पंचवीस टक्के जगल्या नव्हत्या. माप गटाची शक्यता सांगते. तिचा उपयोग उपचाराचे ओझे आणि लाभ तोलण्यापुरता. म्हणून भवितव्याचे नुसते भाकीत करणाऱ्या मापापेक्षा ‘हे औषध लागू पडेल का’ हे सांगणारे माप नेहमी सरस ठरले. इस्ट्रोजेन रिसेप्टर निव्वळ भवितव्य सांगणारा म्हणून मध्यम प्रतीचा, पण टॅमॉक्सिफेनच्या जोडीने अढळ. हर-टू तर जन्मला वाईट भवितव्याची खूण म्हणून आणि औषध आल्यावर उपचाराचे दार झाला.

आता स्लाइडचे छायाचित्र घेऊन संगणकाकरवी विभाजने मोजून घेण्याचे, रंगलेल्या पेशींची टक्केवारी काढण्याचे, किंवा माणसाने कधी न पाहिलेल्या खुणा शोधण्याचे प्रयत्न जोरात आहेत. त्यांची अचूकता एका संस्थेच्या स्लाइडवर डोळे दिपवणारी असते, एस-फेजचीही होती. मॅग्वायर यांनी १९९१ सालीच नव्या मापांच्या मूल्यमापनाचे निकष लिहून ठेवले होते आणि २००५ साली आलेल्या रिमार्क सूचनांनी असे अभ्यास कसे करावेत व कसे छापावेत हे बांधून दिले. तरीही नवे यंत्र आले की पहिली काही वर्षे ते निकष बाजूला पडतात, हाही इतिहासच आहे. कोल्हापूरच्या एखाद्या लहान प्रयोगशाळेत रंगवलेली, थोडी जाड कापलेली, वेगळ्या कंपनीच्या स्कॅनरवर टिपलेली स्लाइड त्या संगणकाला दिली आणि तरी उत्तर तेच आले, आणि त्या उत्तराने एखादीची केमोथेरपी सुरू झाली किंवा टळली, तरच ते माप रिपोर्टमध्ये जागा मागू शकते. नाहीतर खर्च रुग्णाच्या माथी पडेल आणि ओळ काही वर्षांनी आपोआप गळेल. रुग्णालयाने नवे यंत्र विकत घेण्याआधी विक्रेत्याला अचूकतेचा आकडा विचारावाच; पण त्याआधी, हा आकडा किती वेगवेगळ्या प्रयोगशाळांत ताडून पाहिला आहे आणि त्यावरून कोणता उपचार बदलतो, हे विचारावे. शंभर वर्षांत या दोन प्रश्नांना बगल देऊन कोणतेही माप रिपोर्टमध्ये फार काळ राहिलेले नाही.